आठ आवाजांची पेटी

जबाब

दिनांक १७ फेब्रुवारी २०२६, सायंकाळी ५ वाजून १० मिनिटे
पोलीस ठाणे, नागपूर शहर

नाव: शालिकराम धोंडबा गजभिये
वय: ६६ वर्षे
धंदा: कीबोर्डवादक, सध्या घरी शिकवणी
राहणार: हुडकेश्वर, नागपूर

मी वर नाव लिहिलेला इसम, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी गोपिकाबाई व मुलगी दीक्षा यांच्यासह राहतो. दीक्षा, वय ३४ वर्षे, ही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स विषयाची शिल्प निदेशक आहे. नोकरीला तिला सहा वर्षे झाली.

बेसा येथे साउंड व कार्यक्रमांचा व्यवसाय करणारे विक्रम मार्तंड सालपेकर यांनी दि. ११ फेब्रुवारी रोजी या ठाण्यात अर्ज दिला आहे. त्यांच्या कंपनीने तयार केलेले एक इलेक्ट्रॉनिक वाद्य दीक्षाने व मी त्यांच्या कार्यालयातून चोरून नेले, असे त्यात लिहिले आहे. दीक्षा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे पगारी काम करत होती व ते वाद्य तिने त्यांच्या सांगण्यावरून बनवले, असेही लिहिले आहे. अर्जाची एक प्रत त्यांनी दीक्षाच्या प्राचार्यांना पाठवली. शासकीय नोकराला बाहेर पगारी काम करता येत नाही हे त्यांना माहीत आहे. अर्ज आज मला वाचून दाखवण्यात आला. त्या वाद्याला आम्ही घरी पेटी म्हणतो. आम्ही पेटी नेली, हे खरे आहे. बाकीचे खोटे आहे.

हकीकत अशी की, सन १९८७ मध्ये मी मुंबईच्या एका वादकाकडून जपानी बनावटीचा सिंथेसायझर विकत आणला. दिसायला ते वाद्य साध्या कीबोर्डसारखे असते. परंतु त्यात आधी भरून ठेवलेले आवाज नसतात. पट्टी दाबली की आतले सर्किट त्याच क्षणी आवाज तयार करते, याला अॅनालॉग म्हणतात. माझ्या वाद्यात एका वेळी आठ सूर वाजत, म्हणून आत आठ सर्किटे होती. आठही एकाच नकाशावरून बनवलेली असली तरी प्रत्येकाचा आवाज किंचित वेगळा असतो. जबाब लिहून घेणारे हवालदार बापूजी काटोले यांनी विचारले की, वेगळा म्हणजे बिघाड समजायचा काय. मी सांगितले की नाही, आठ माणसे मिळून गातात तेव्हा जसा वेगळा असतो तसा. त्यामुळेच तो आवाज भरून येतो.

अर्जदार विक्रम यांचे वडील मार्तंडराव यांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यात मी तेवीस वर्षे वाजवले. चंद्रपूर, यवतमाळ, छिंदवाडा, बालाघाटपर्यंत कार्यक्रम केले. मार्तंडराव निवेदन करत. पोस्टरवर त्यांचे व गायकांचे नाव असे. मागे बसून वाजवणाऱ्यांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मार्तंडराव आज हयात नाहीत. विक्रमला मी शाळेच्या गणवेशात पाहिले आहे.

ऑर्केस्ट्रा बंद झाल्यावर मी नाग नदीच्या बाजूला तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेऊन शिकवणी सुरू केली. वाद्य तिथेच ठेवत असे. दि. २३ सप्टेंबर २०२३ रोजी शहरात पूर आला. सकाळी मी पोहोचलो तेव्हा खोलीत कमरेएवढे पाणी होते. वाद्य स्टँडवरून पडून पाण्याखाली गेले होते. ते मी व दीक्षाने उचलून बाहेर आणले. आतून गाळ निघाला. आठ दिवस उन्हात ठेवले. शहरातील दोन कारागिरांना दाखवले, मुंबईला फोटो पाठवले. सर्वांनी भंगार म्हणून सांगितले. भंगारवाल्याला मी बोलावले होते. तो आला तेव्हा दीक्षाने त्याला चहा पाजून परत पाठवले.

मी तिला विचारले, "काहून वं, घरात गाळ ठेवतं का?"

ती म्हणाली, "बाबा, हे नाई वाजत आता. पण हे कसं वाजत होतं ते यात लिहून हाय. मले वाचता येते."

मला वाटले चार दिवसांची हौस आहे.

त्यानंतर सव्वादोन वर्षे दीक्षाने घरी काम केले. आधी जुन्या वाद्यातील एकेक सर्किट धुऊन, भिंग लावून, त्याचा नकाशा वहीत उतरवला. अशा सात वह्या आहेत. त्या आज आपल्यासमोर हजर केल्या आहेत. जुन्या काळचे काही भाग आता मिळत नाहीत. त्यांचेच काम करणारे नवीन भाग शोधून तिने स्वतःची सर्किटची कार्डे आखली. एक कार्ड म्हणजे एक आवाज, अशी आठ. पहिले कार्ड बनायला सात महिने लागले. ते पहिल्याच दिवशी जळाले. दीक्षा संस्थेतून आली, जेवली, आणि दुसरे घेऊन बसली. तिच्या आईने "आज राहू दे वं" म्हटले, तर म्हणाली की, कुठे जळले ते आज कळते, उद्या विसरते.

नवीन वाद्याला पट्ट्या नाहीत. साउंडवाले ज्या लोखंडी चौकटीत आपली यंत्रे एकावर एक बसवतात, तिला रॅक म्हणतात. तिच्या मापाची ती पेटी आहे. कोणताही साधा कीबोर्ड वायरने जोडला की पेटी वाजते. पूर्वीचे वाद्य दोन माणसांना उचलावे लागे. ही दीक्षा एकटी उचलते. पेटीचा पत्रा हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून वाकवून आणला. पुढच्या बाजूला बटणांच्या खाली तिने मराठीत अक्षरे कोरून घेतली: लहर, गाळणी, उतार, स्वर जुळवा. आठ छोटे दिवे आहेत. जो आवाज वाजतो त्याचा दिवा लागतो. पट्टी दाबत गेले की एक ते आठ क्रमाने वाजतात व पुन्हा एकपासून सुरू होतात.

या कामात माझा भाग फक्त ऐकण्याचा होता. दीक्षा संध्याकाळी एक सूर वाजवून विचारायची, "बाबा, आता?" मी "नाई" म्हणायचो. ती एखादा भाग बदलायची व पुन्हा विचारायची. मला सर्किट कळत नाही. मी माझ्या भाषेत सांगायचो की, आवाज लवकर उघडून राहिला, किंवा तळाशी गरम नाही. ती ते वहीत लिहून घ्यायची. चार महिने मी "नाई"च म्हणत होतो. एकदा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाली की, तुमचे बरोबर होते, अमुक ठिकाणी चूक सापडली.

दि. ९ ऑगस्ट २०२५ रोजी संध्याकाळी तिने आठही सूर एकदम वाजवले. मी उत्तर देण्याआधी माझी पत्नी गोपिकाबाई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती म्हणाली, "अवं, तो बुडालेला बाजा सुधरला का?" तिला संगीतातले काही कळत नाही. दीक्षा उठून मोरीत गेली व बराच वेळ तोंड धूत होती. मी नेमके काय बोललो ते मला आठवत नाही.

बुडालेल्या वाद्यातून एकच भाग जिवंत निघाला होता, गाळणीचा, म्हणजे आवाजातला कर्कशपणा गाळणारा. तो दीक्षाने चौथ्या कार्डावर बसवला. त्यामुळे चौथा आवाज बाकीच्यांपेक्षा थोडा सावळा आहे. हे आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हते.

पेटीवर बनवणाऱ्याचे नाव घालावे असे मी दीक्षाला सुचवले होते. ती म्हणाली, "वाजते ना? मंग नाव कायले पाहिजे?" मी आग्रह धरला नाही. तो धरायला पाहिजे होता.

जानेवारी महिन्यात विक्रम घरी आले. आमच्या एका ओळखीच्या ढोलकीवाल्याकडून त्यांना पेटीबद्दल कळले होते. त्यांनी पेटी ऐकली. शहरात वाद्यांचे चार दिवसांचे प्रदर्शन आहे, त्यात माझ्या स्टॉलवर ठेवू द्या, लोकांना दिसेल, असे म्हणाले. दीक्षाने कागद करून घेऊ असे सांगितले. मी तिला म्हटले, "काहून कागद पाहिजे? मार्तंडरावचा पोरगा हाय तो. घरचा माणूस हाय." त्यामुळे कागद झाला नाही. ही चूक माझी आहे. दीक्षाने याबद्दल मला आजपर्यंत एक शब्द सुनावलेला नाही. दि. २२ जानेवारी रोजी विक्रम पेटी गाडीत घालून घेऊन गेले.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी मी एकटा तिथे गेलो. स्टॉलवर गर्दी होती. पेटीच्या पुढच्या बाजूवर, मराठी अक्षरे झाकली जातील असे, विक्रम यांच्या कंपनीचे चकचकीत स्टिकर लावलेले होते. वर फलक होता. त्यावर "संकल्पना व निर्मिती" असे लिहून खाली त्यांच्याच कंपनीचे नाव होते. विक्रम दोन पाहुण्यांना पेटीची माहिती देत होते. मला पाहून त्यांनी हात केला व पाहुण्यांना सांगितले, "हे शालिककाका, बाबांच्या पार्टीत वाजवायचे." मी नमस्कार केला. स्टॉलच्या बाजूला खुर्ची होती, तिथे थोडा वेळ बसलो. नंतर बसने घरी आलो.

घरी मी दुपारपर्यंत काही सांगितले नाही. पत्नीने जेवणाचे विचारले तेव्हा सांगितले. दीक्षाने विक्रम यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मार्केटिंग असते ते. कंपनीचं नाव असलं की लोक सिरियसली घेतात. पेटी काय पळून राहिली का?" प्रदर्शन संपले तरी पेटी परत आली नाही. पुढचे आठ दिवस ते आज देतो, उद्या देतो म्हणत राहिले. नंतर फोन उचलणे बंद केले.

दि. ६ फेब्रुवारी रोजी दीक्षाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सकाळी अकरा वाजता आम्ही दोघे ऑटोने बेसा येथील कार्यालयात गेलो. विक्रम बाहेरगावी होते. त्यांचे तंत्रज्ञ अंकुश पराते, वय अंदाजे ४५, हे हजर होते. पेटी टेबलावर होती. दीक्षा त्यांना म्हणाली, "दादा, हे माझं हाय. मी नेऊन राहिली. तुम्ही साहेबांले फोन लावा, मी थांबतो." त्यांनी फोन लावला, तो लागला नाही. दीक्षा वीस मिनिटे थांबली. नंतर तिने दाराजवळच्या नोंदवहीत स्वतःचे नाव, मोबाईल क्रमांक, वेळ व "माझी पेटी परत नेली" असे लिहून सही केली. आम्ही पुढच्या दाराने बाहेर आलो. अंकुश यांनी दार धरले. त्या नोंदवहीचे पान आपण मागवले आहे. चोर नाव लिहून जात नाही, एवढेच मला त्याबद्दल म्हणायचे आहे.

नंतर अर्जाची प्रत प्राचार्यांकडे पोहोचली. दीक्षाला खुलासा मागण्यात आला. माझ्या घरात तीन पिढ्यांत सरकारी नोकरीत पोहोचलेली ती पहिली आहे. माझे वडील धोंडबा यांनी छपन्न साली दीक्षा घेतली, तेव्हा ते गिरणीत हमाल होते. त्यांनी सांगून ठेवले होते की घरात मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचे. खुलाशाचे पत्र आले त्या दिवशी तिने जेवण केले व वह्या क्रमाने लावून ठेवल्या. तिच्या आईने दोन दिवस जेवण केले नाही.

आज दि. १७ रोजी दुपारी बारा वाजता आम्हाला ठाण्यात बोलावण्यात आले. ६ तारखेपासून न उघडता, न वाजवता घरी ठेवलेली पेटी आम्ही स्वतः आणून हजर केली. चौकशी अधिकारी पोलीस उपनिरीक्षक चारुलता नेवारे मॅडम यांच्यासमोर विक्रम व अंकुश हेही हजर होते. दीक्षाने वह्या दाखवल्या. विक्रम म्हणाले की, त्या वह्या आमच्याच कामाच्या आहेत, आमच्याकडे काम करतानाच तिने लिहिल्या. मॅडमनी अंकुश यांना विचारले की पेटी कोणी जोडली. अंकुश यांनी खाली पाहून सांगितले की, मी जोडली, डिसेंबरमध्ये, आठही कार्डे एक ते आठ क्रमाने मीच बसवली व त्यानंतर झाकण उघडलेले नाही. मॅडमनी ते लिहून घेतले.

दीक्षाने सांगितले की पेटीचा प्रत्येक आवाज माझ्या वडिलांच्या कानाने जुळवला आहे, ते न पाहता कोणता आवाज वाजला ते सांगतील. विक्रम हसले. मॅडम मला म्हणाल्या, "काका, खरंच सांगता येईल?" मी हो म्हणालो.

त्याप्रमाणे पेटी कीबोर्डला व स्पीकरला जोडण्यात आली. गरम होण्यासाठी वीस मिनिटे चालू ठेवली. मला खिडकीकडे तोंड करून बसवण्यात आले. दीक्षाने काही खूण करू नये म्हणून तिला हवालदार काटोले यांच्यासह बाहेर व्हरांड्यात बसवले. मॅडम स्वतः पट्टी दाबत होत्या व कोणता दिवा लागला ते कागदावर लिहीत होत्या. मी उत्तर देत होतो, ते त्याच्या शेजारी लिहीत होत्या. मी क्रम मोजून सांगू नये म्हणून त्या मध्येच आवाज बंद करून दोन-तीन वेळा पट्टी दाबत व मग आवाज सुरू करत. ही त्यांचीच युक्ती होती. मला ती आवडली.

आठ आवाज झाल्यावर मॅडम म्हणाल्या की, सहा बरोबर, दोन चूक. विक्रम म्हणाले, "काका, वय झालं आता. राहू द्या ना." माझ्या कानाबद्दल मला तेवीस वर्षांत कोणी असे म्हटलेले नव्हते. त्यापेक्षा, माझ्या दोन चुकांनी दीक्षाची नोकरी जाईल हे डोक्यात आले.

मॅडमनी विचारले, "पुन्हा करायचं का, काका?"

मी सांगितले, "करा मॅडम. पण मले जे ऐकू येते तेच मी सांगीन. उत्तर नाई बदलवणार."

पुन्हा आठ आवाज घेण्यात आले. यावेळी मॅडमनी क्रम आणखी मोडला. पुन्हा सहा बरोबर व दोन चूक निघाले. मॅडमनी दोन्ही फेऱ्यांचा कागद पाहून दीक्षाला आत बोलावले. दीक्षाने कागद हातात घेतला. पहिल्या फेरीवर बोट फिरवले, मग दुसऱ्या.

ती म्हणाली, "मॅडम, बाबा चुकले असते तं दुसऱ्या वेळी दुसरीकडे चुकले असते. ते दोन्ही वेळा एकाच जागी चुकून राहिले. ते चार म्हणतात तिथं सहाचा दिवा हाय, सहा म्हणतात तिथं चारचा. बाबांचे कान बरोबर हायेत. आतली कार्डं चुकीच्या जागी हायेत. झाकण उघडू द्या."

विक्रम यांनी हरकत घेतली. मॅडमनी हरकत लिहून घेतली व झाकण उघडण्यास सांगितले. हवालदार काटोले यांनी मोबाईलवर चित्रीकरण केले. दीक्षाने चौदा स्क्रू काढून एका वाटीत ठेवले. आत आठ कार्डे उभी बसवलेली होती. प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला, बसवल्यावर दिसत नाही अशा जागी, तांब्याच्या थरात मराठी आकडा कोरलेला आहे. तिने सहाव्या जागेचे कार्ड उपसून मॅडमच्या हातात दिले. त्यावर ४ आकडा होता. चौथ्या जागेच्या कार्डावर ६ होता. चौथ्या कार्डावर तो जुना भाग होता. त्याच्या पायांना पुराच्या गाळाचा डाग अजून आहे.

मॅडमनी अंकुश यांना विचारले, "तुम्हीच क्रमाने बसवली होती ना? आणि झाकण उघडलंच नाही ना?"

विक्रम त्यांच्याकडे पाहत होते. अंकुश म्हणाले, "मॅडम, फोटो काढायले सगळी कार्डं काढली होती. साहेबांले असंच दुसरं बनवून पाहिजे होतं. परत बसवताना दोन इकडची तिकडं झाली असन."

विक्रम म्हणाले, "अंकुश, विचार करून बोल."

अंकुश म्हणाले, "साहेब, करूनच बोलून राहिलो. वीस वर्षं झाली मले सोल्डरिंग करता करता. हे मले नाई बनवता येत. मी दोन दिवस नुसता पाहत होतो तिचं काम. ज्यानं बनवलं तो असा क्रम चुकन का?"

मी अजून खिडकीकडे तोंड करूनच बसलो होतो. मॅडमनी मला दोनदा सांगितले की, काका, आता वळलं तरी चालेल.

यानंतर दीक्षाने कार्डे जागच्या जागी लावली, झाकण बसवले व स्वर जुळवण्याचे बटण दाबले. तिने पुढच्या बाजूचे स्टिकर नखाने काढण्यास सुरुवात केली, तेव्हा अंकुश यांनी खिशातून ब्लेड काढून दिले. मॅडमनी विचारले की हे प्रत्यक्षात वाजते कसे. दीक्षाने कीबोर्ड माझ्यासमोर सरकवला. मी सुमारे चार मिनिटे वाजवले. काय वाजवले ते विचारले असता सांगतो की, ठरवून काही वाजवले नाही. त्या वेळी दारात ठाण्यातील सात-आठ कर्मचारी व पासपोर्टच्या कामासाठी आलेल्या दोन बाया उभ्या होत्या. कामकाजात अडथळा आलेला नाही. मध्ये फोन वाजला, तो उचलण्यात आला.

विक्रम यांनी दुपारी साडेतीन वाजता अर्ज मागे घेत असल्याचे लिहून दिले. वाद्य दीक्षा शालिकराम गजभिये यांचे असून त्या आपल्याकडे कधीही नोकरीस नव्हत्या, असेही लिहून दिले. जाताना ते माझ्या पाया पडू लागले. मी मागे सरकलो. त्यांचे वडील असते तर काय म्हणाले असते ते मी त्यांना सांगू शकलो असतो, पण सांगितले नाही.

आम्हाला विक्रम यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे काय, असे विचारण्यात आले. दीक्षाने सांगितले की, काढलेले सर्व फोटो तिच्यासमोर नष्ट करावेत व प्राचार्यांना ठाण्याचे पत्र आजच जावे. याशिवाय तिची मागणी नाही. पत्र ४ वाजून २० मिनिटांनी पाठवण्यात आले व प्राचार्यांचा फोन आला. फोनवर काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दीक्षा "हो सर, हो सर" म्हणत होती. नंतर मला म्हणाली की, पुढच्या आठवड्यात पेटी संस्थेत आणून विद्यार्थ्यांना उघडून दाखवायला सांगितले आहे.

हजर मालाच्या यादीत या वस्तूचे वर्णन "एक लोखंडी पेटी, इलेक्ट्रॉनिक, वायरीसह" असे लिहिले होते. माझ्या विनंतीवरून ते "आठ आवाजांचा अॅनालॉग सिंथेसायझर, रॅकमध्ये बसणारा, चालू स्थितीत" असे दुरुस्त करण्यात आले. चालू स्थितीत हे शब्द हवालदार काटोले यांनी स्वतःहून घातले.

माझा जबाब इथे संपतो. तो हवालदार काटोले यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला व मी तो शेवटपर्यंत ऐकला. त्यात एका ठिकाणी "आम्ही बापलेकीने बनवलेले वाद्य" असे लिहिले गेले होते. मी तसे बोललो नव्हतो. ते खोडून "माझ्या मुलीने बनवलेले वाद्य" असे करून घेतले आहे व खोडलेल्या जागी माझी सही केली आहे. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष,
(सही) चारुलता नेवारे, पोलीस उपनिरीक्षक

(सही) शालिकराम धोंडबा गजभिये